'मदरबोर्ड उडालाय' सांगून कॅबिनेट घेऊन गेले: सांगलीतला आमचा अनुभव

घरचा कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून बोलावलेला माणूस पाच मिनिटांत 'मदरबोर्ड उडालाय, सेंटरला न्यावा लागेल' म्हणाला, तर कॅबिनेट त्याच्या हातात देण्याआधी हे वाचा. सांगलीला माझ्या आईबाबांच्या घरी हा प्रकार घडला. असाच प्रसंग उद्या तुमच्या घरच्या ज्येष्ठांवरही येऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. सोसायटीचा हिशेब, पेन्शनचे कागद, बँकेचे व्यवहार सगळं त्यांच्या डेस्कटॉपवर असतं. पावसाळ्यात एका दुपारी लाईट जाऊन आली आणि त्यानंतर कॉम्प्युटर चालूच होईना. बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवा लागायचा, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल', आणि आतून थांबून थांबून लांब बीप. बाबांनी मोबाइलवर 'कॉम्प्युटर रिपेअर घरपोच' असं शोधून सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. तपासणी मोफत, असं तिथे लिहिलं होतं. सगळ्यात वर दिसणारे असे नंबर बऱ्याचदा पैसे भरून दिलेल्या जाहिरातीचे असतात. चांगल्या कामाशी त्याचा काही संबंध नसतो.

दोन मुलं आली. एकाने बाजूचं झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि सांगितलं, "काका, बोर्ड शॉर्ट झालाय. लाईट अशी आली-गेली की जातोच तो. इथे काही होणार नाही, न्यावा लागेल." रॅम काढून बघितली नाही, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) तपासला नाही. जाताना विंडोजचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी फोन आला की बोर्ड बदलला आहे, ७,८०० रुपये होतील. बाबा म्हणाले, आधी विचारायला हवं होतं. त्यावर उत्तर ठरलेलं होतं: "नको असेल तर काढून ठेवतो काका, पण चेकिंगचे दीड हजार द्यावे लागतील, आणि जुना बोर्ड स्क्रॅपला गेला." मशीन त्यांच्याकडे, कागदपत्रं मशीनमध्ये. बाबांपुढे पर्यायच ठेवला नव्हता. पैसे यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नावाने नाही, कोणा एका माणसाच्या खात्यावर. पावती म्हणजे वहीच्या पानावर 'मदरबोर्ड चेंज'. त्यावर ना जीएसटी नंबर, ना सिरियल नंबर, ना वॉरंटी.

मी सांगलीला गेलो तेव्हा बाबा म्हणाले, चालतोय, पण फार रखडतो. टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघितली तर ४ जीबी. कॉम्प्युटर मीच २०२० मध्ये असेंबल करून घेतला होता आणि बिलात ८ जीबीच्या दोन रॅम आहेत. मग झाकण उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये जुनी धूळ घट्ट बसलेली होती, बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. बोर्ड बदलायचा तर तो पंखा काढावा लागतो, प्रोसेसर नव्या बोर्डवर बसवावा लागतो, नवी थर्मल पेस्ट लावावी लागते. यातलं काहीही झालेलं नव्हतं. शिवाय मदरबोर्डचा मूळ खोका आईने माळ्यावर जपून ठेवलेला होता. खोक्यावरच्या स्टिकरचा सिरियल नंबर आणि आतल्या बोर्डवरचा नंबर एक-एक अक्षर लावून बघितला. तंतोतंत तोच!

म्हणजे बोर्ड कधी बदललाच नाही. न बदललेल्या बोर्डचे पैसे घेतले आणि वर १६ जीबी रॅम काढून ४ जीबीचा जुना तुकडा बसवून दिला. निवृत्त माणसाच्या पेन्शनमधून असे पैसे काढायला यांचे हात धजावतात कसे, याचा मला अजून संताप येतो.

गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला बीपचं सांगितलं. तो म्हणाला, लांब बीप आणि डिस्प्ले नाही, तर पहिला संशय रॅमचा. प्रत्येक कंपनीच्या बीपचा अर्थ वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. भिंतीवरच्या प्लगमधून वायर काढायची, बटण एकदा दाबून उरलेला करंट घालवायचा, रॅम काढून पट्टीवर पेन्सिलीचं खोडरबर हलकेच फिरवायचं, भुगा पुसून दोन्ही बाजूंची 'टक्' ऐकू येईपर्यंत परत दाबून बसवायची. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघायची. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (विंडोज असलेली डिस्क) असे बारीक दिवेही असतात. ज्याच्यापाशी दिवा अडकतो तिथून शोध सुरू करायचा. एवढं करूनही चालू झाला नाही तरच पुढच्या खर्चाचं बोलणं. एसएमपीएस मात्र कोणीही घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

पैशांपेक्षा मला पासवर्डची काळजी जास्त वाटली. डिस्प्ले येत नसलेल्या मशीनच्या दुरुस्तीला विंडोजचा पासवर्ड लागत नाही. स्क्रीनवर चित्र आलं की काम कळतं. पण तो पासवर्ड हातात असला की क्रोममध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उघडून वाचता येतात. आम्ही त्याच दिवशी माझ्या मोबाइलवरून बाबांचे बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलले आणि ईमेल इतर सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट केलं. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर क्षणभरही न थांबता १९३० ला फोन करायचा, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

त्या लोकांना फोन केला तर आधी 'सर, गैरसमज होतोय', मग 'तो मुलगा सोडून गेला', मग फोन उचलणंच बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. सिरियल नंबरचे दोन्ही फोटो, जुनं बिल, यूपीआयचा व्यवहार आणि वहीचं पान जोडलं. त्यानंतर स्वतःहून फोन आला आणि ४,००० रुपये परत मिळाले. रॅमबद्दल अजून कानावर हात आहेत.

म्हणून कॅबिनेट द्यावीच लागली, तर आतला फोटो काढा. रॅम, एसएसडी (फाइल्स साठवणारी डिस्क) आणि बोर्डवरचे स्टिकर वाचता येतील इतक्या जवळून. जमत असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा, बोर्ड तपासायला ती लागत नाही. 'विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही, जुना पार्ट परत द्यायचा' हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्यांच्याकडून 'ओके' घ्या. नवीन पार्टचा खोका आणि सिरियल नंबर टाकलेलं बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आम्ही उरलेल्या रकमेसाठी आणि रॅमसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बाबांनी अर्जाचा मसुदा स्वतःच्या अक्षरात लिहून काढलाय. या आठवड्यात तो टाइप करून दाखल करतोय.