८×४२ ची दुर्बीण आणि रेडिंगचा अपुरा उजेड: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

पुण्याहून इंग्लंडमधील रेडिंग या शहरात राहायला येताना मी सामानात १०×२५ ची, खिशात मावणारी एक दुर्बीण आणली होती. पाषाण तलावावर आणि भिगवणला तिने मला कधी निराश केले नव्हते. इथे आल्यावर मात्र पहिल्याच डिसेंबरात, दुपारी साडेतीन वाजता, प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये झाडाखालची ओली पाने उलथवीत फिरणारा एक पक्षी इथला बारमाही कस्तूर आहे की हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा रेडविंग आहे, हे तिच्यातून मला ठरवता आले नाही. या दोघांना वेगळे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. रेडविंगच्या डोळ्यावर मळकट पांढरी भुवई असते आणि पंखाखाली, कुशीवर, विटकरी लाल रंग असतो. पक्षी माझ्यापासून जेमतेम वीस पावलांवर होता, तरीही दुर्बिणीतून दिसत होती ती फक्त एक तपकिरी आकृती. दोष दुर्बिणीचा आहे असे त्या दिवशी मला वाटले. तो दुर्बिणीपेक्षा अक्षांशाचा होता, हे नंतर कळले.

रेडिंग साधारण साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथला दिवस आठ तासांहूनही थोडा कमी असतो, सूर्य चार वाजायच्या आत मावळतो आणि भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून पंधरा अंशांच्या वर चढत नाही. त्याच दिवशी पुण्यात तो अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत पोहोचलेला असतो. त्यात इथले आभाळ बहुतेक वेळा भरलेले. अशा उजेडात दुर्बीण पक्ष्याला किती मोठे करून दाखवते यापेक्षा ती डोळ्यापर्यंत किती प्रकाश पोहोचवते, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दुर्बिणीवरील दोन आकड्यांपैकी पहिला आकडा प्रतिमा किती पट जवळ दिसते हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. माझ्या जुन्या दुर्बिणीत तो अडीच मिलिमीटर होता, तर ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर असतो. लख्ख उन्हात डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते, त्यामुळे भिगवणच्या माळावर अडीच मिलिमीटरचे वर्तुळ पुरून उरत असे. डिसेंबरच्या संधिप्रकाशात बाहुली रुंदावते, आणि तेव्हा लहान दुर्बीण तिला उपाशी ठेवते. क्षेत्रफळाने हिशेब केला, तर मोठ्या वर्तुळात चौपटीहून अधिक प्रकाश मावतो. एवढे साधे गणित पुण्यात असताना मला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी तिथे त्याचा उपयोग नव्हता.

या परीक्षणात मी कंपनीचे नाव देत नाही. या किमतीच्या, म्हणजे सुमारे अडीचशे पौंडांच्या, चार-पाच कंपन्यांच्या दुर्बिणी मी हाताळून पाहिल्या आणि त्यांतील फरक ४२ आणि २५ मधील फरकापुढे नगण्य वाटला. खरेदीचा अनुभव मात्र सांगण्यासारखा आहे. पहिली दुर्बीण मी ऑनलाइन मागवली आणि ती सदोष निघाली. तिच्या दोन नळ्या एकमेकींशी नीट समांतर नव्हत्या. वरवर चित्र एकच दिसे, पण दहा मिनिटांत कपाळ ठणकू लागे. मला आधी वाटले की नव्या चष्म्याचा त्रास असावा. डोळे दुर्बिणीपासून थोडे मागे घेऊन दूरच्या धुराड्याच्या कडेकडे पाहिल्यावर दोन कडा वेगळ्या दिसल्या, तेव्हा उलगडा झाला. ती परत करून पैसे मिळेपर्यंत तीन आठवडे आणि बरीच पत्रापत्री झाली. दुसरी दुर्बीण मी दुकानात जाऊन घेतली. तिथल्या विक्रेत्याने कोणतेही भाषण न देता चार दुर्बिणी हातात ठेवल्या आणि मला दुकानाबाहेरच्या फुटपाथवर पिटाळले, कारण दुकानातील दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. हात लांब करून दुर्बीण आभाळाकडे धरली की डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचे वर्तुळ तरंगताना दिसते. ते स्वच्छ गोल असावे, त्याच्या कडा चिरल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतील लोलक हलक्या काचेचा समजावा, हेही मी तिथेच शिकलो.

नवी दुर्बीण घेऊन पुढच्याच शनिवारी मी त्याच बागेत, त्याच वेळी गेलो. भुवई दिसली, कुशीवरचा विटकरी डागही दिसला आणि एका कळपात अकरा रेडविंग मोजता आले. सूर्यास्तानंतर सुमारे वीस मिनिटे रंग ओळखता येत होते. या दुर्बिणीचे लोलक सरळ नळीत बसणारे, छपरासारख्या कोनाचे आहेत. अशा लोलकात प्रकाशाचे दोन भाग होतात, ते पुन्हा एकत्र येताना किंचित मागेपुढे होतात आणि चित्राची धार बोथट होते; त्यावरचा उपाय म्हणून लोलकाला जो विशेष थर देतात, त्याला फेज कोटिंग म्हणतात. या दुर्बिणीवर तो आहे. काळ्या फांदीवर बसलेल्या काळ्या ब्लॅकबर्डच्या पिसांची वळणे दिसतात, ती त्यामुळेच असे मी मानतो.

रेडिंगला थेम्स आणि केनेट या दोन नद्यांचा संगम आहे, आणि या गावात पक्षी पाहायचे तर पाण्याला धरून चालावे. कॅव्हर्शॅमच्या बाजूला क्राइस्टचर्च मेडोज नावाचे नदीकाठचे कुरण आहे. तिथे हंस, कॅनडा गूज आणि मूळ आफ्रिकेतील इजिप्शियन गूज माणसांच्या पायांत येतात, त्यांच्यासाठी दुर्बीण लागत नाही. ती लागते पलीकडच्या तळ्यांवर. खडी-वाळू काढून झालेल्या खाणींत पाणी साठून ही तळी तयार झाली आहेत. आपण ज्याला वारकरी म्हणतो तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी इथे जागोजागी आहे, आणि तो भांडखोर असल्यामुळे त्या नावाचे मला दर वेळी हसू येते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ग्रेट क्रेस्टेड ग्रीब ही तुरेवाली मोठी डुबडी जोडीने समोरासमोर येऊन माना हलवीत नाच करते. अंतर शंभर मीटरच्या आसपास, पाण्यावर धुके, आणि पक्ष्यांच्या मानेवरचे तांबूस कल्ले फुललेले. हे दृश्य आठ पटींत अंगावर काटा आणते, तर दहा पटींत ते माझ्या हाताच्या थरथरीने हलत राहते. थंडीत हात स्थिर राहत नाहीत, त्यामुळे दहापेक्षा आठ पट घ्यावी हे माझे मत याच तळ्याकाठी पक्के झाले.

रेडिंगच्या आकाशावर खरी सत्ता आहे ती रेड काइटची, म्हणजे तांबड्या घारीची. आपल्याकडच्या घारीपेक्षा ती अंगाने सडपातळ आणि पंखांनी मोठी असते. पंखांचा पसारा पावणेदोन मीटरच्या पुढे जातो आणि खोलवर दुभंगलेली तांबूस शेपटी ती सुकाणूसारखी वळवीत राहते. एके काळी लंडनच्या रस्त्यांवरील घाण साफ करणारा हा पक्षी पुढे उपद्रवी ठरवून मारला गेला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून नाहीसा झाला. वेल्समध्ये तेवढी मूठभर जोडपी तगून राहिली. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून आणलेली सुमारे नव्वद पिल्ले रेडिंगच्या उत्तरेकडील चिल्टर्न टेकड्यांत सोडण्यात आली आणि आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका वेळी पाच-सहा घारी दिसतात, त्या त्यांच्याच वंशातल्या. पुढे स्पेनमध्येच त्यांची संख्या घटली, म्हणून २०२२ पासून इंग्लंडमधील पिल्ले एक्स्ट्रेमादुरा या स्पॅनिश प्रांतात नेऊन सोडण्यात आली. उसने घेतलेले पक्षी परत करण्याचा हा व्यवहार मला फार आवडला. इथले काही रहिवासी अंगणात मांसाचे तुकडे टाकून घारींना बोलावतात. तसे करू नये असे जाणकार सांगतात आणि शेजारीही सांगतात. घार पाहायला दुर्बीण आवश्यक नाही, हे खरे आहे. पण ढगाळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर तिच्या पंखाखालचे पांढरे चौकोन आणि फिकट डोळा स्पष्ट दिसणे ही दुर्बिणीची कठीण परीक्षा असते, कारण उजळ आभाळापुढे स्वस्त भिंगांत कडांना जांभळी-हिरवी किनार येते. या दुर्बिणीतही ती थोडी येते. मध्यभागी नाही, पण कडेला निश्चित.

पोपटांबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्याकडचाच, गळ्याला गुलाबी कंठ असलेला पोपट थेम्सच्या खोऱ्यात मोकळा राहतो. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांनी १९६९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घरटी केल्याची नोंद आहे. बर्फ पडलेल्या फांदीवर तो बसलेला पाहताना दुर्बिणीपेक्षा स्वतःवरच विश्वास ठेवावा लागतो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्विफ्ट, म्हणजे पाकोळ्या, येतात आणि ऑगस्ट लागताच आफ्रिकेकडे निघून जातात. जुन्या विटांच्या घरांच्या छपराखालील फटींत त्या घरटी करतात. त्यांची संख्या इतकी घसरली आहे की २०२१ मध्ये ब्रिटनच्या लाल यादीत त्यांचा समावेश झाला. पाकोळीला दुर्बिणीत पकडायचे, तर दृष्टिक्षेत्र रुंद हवे. या दुर्बिणीचे क्षेत्र आठ अंशांचे आहे, म्हणजे पन्नास मीटरवर सुमारे सात मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. जुन्या दुर्बिणीत तो पाच मीटरच्या आसपास होता. दोन मीटरचा हा फरक म्हणजे पाकोळी दिसणे आणि रिकामे आभाळ दिसणे यांतील फरक आहे. इथे एक सूचना करतो. भर वस्तीत, दोन्ही बाजूंना घरांची रांग असलेल्या रस्त्यावर उभे राहून छपरांकडे दुर्बीण रोखली, तर पडद्याआडून कोणीतरी आपल्याकडे पाहत असतेच. मी आधी नुसत्या डोळ्यांनी वर पाहतो, समोरून कोणी आले की पाकोळ्या आल्याचे त्यांना सांगतो आणि मगच दुर्बीण उचलतो.

आता उणिवा. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि सोबत मिळालेला अरुंद पट्टा तासाभरात मानेत रुततो. मी खांद्यांवरून फिरणारा पट्टा वेगळा विकत घेतला. पुढच्या भिंगांची रबरी झाकणे सैल आहेत आणि त्यांतील एक केनेट नदीला अर्पण झाले. गोठण्याइतक्या थंडीत फोकसचे चाक जड होते, हातमोजे घातले असतील तर विशेषच. आतील पोकळीत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे भिंगांच्या आतल्या बाजूने धुके धरत नाही, पण बाहेरच्या बाजूला आपल्याच श्वासाची वाफ बसते आणि त्यावर कंपनीचा काही इलाज नाही. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांच्यातील सोयीचे अंतर अवश्य पाहावे. ते इथे सतरा मिलिमीटर असल्यामुळे मला चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसते. डोळ्याजवळच्या फिरत्या कड्यांपैकी उजवे कडे वर्षभरात ढिले झाले आहे.

जुलैमध्ये आई पुण्याहून आली, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. केनेटच्या काठावर निळा ठिपका पाण्यावरून सरळ रेषेत गेला आणि एका फांदीवर बसला. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “अरे, हा तर आपला छोटा खंड्याच की!” तिचे बरोबर होते, दोन्हीकडे जात एकच आहे. पण दुसऱ्याच मिनिटाला हात दुखतो म्हणून तिने दुर्बीण परत केली आणि माझ्या पिशवीतून जुनी, खिशातली दुर्बीण काढून घेतली. वयाबरोबर डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी रुंदावत नाही, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला सव्वापाच मिलिमीटरच्या वर्तुळाचा पुरता लाभ मिळतच नाही आणि वजन तेवढे पदरी पडते. अशा व्यक्तीने ८×३२ पाहावी. आईला मात्र नवी घेऊन देण्याची वेळ आली नाही. जुनी दुर्बीण ती सोबत पुण्याला घेऊन गेली आणि पाषाणला सकाळी नऊच्या उन्हात तीच वापरते.