एकच नवा अल्बम ऐकायचा तर: पॉप, हिप-हॉप की रेगे?

वेळ एकाच अल्बमपुरता असेल, तर हे तीन शेजारी ठेवून बघा: पॉप गायिका बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ (मे २०२४), रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ (नोव्हेंबर २०२४) आणि जमैकाची रेगे गायिका कॉफीचा ‘गिफ्टेड’ (मार्च २०२२). पहिले दोन पाऊण तासाच्या आत संपतात, तिसरा अर्ध्या तासात. पण तिन्ही ऐकण्याची रीत एकच ठेवलीत, तर दोन तरी अल्बम फुकट जातील.

आयलिशचा अल्बम पहिल्याच फेरीत सर्वांत लवकर आपलासा होतो. गाणी १०, आणि त्यातलं एकही आधी सुटं प्रसिद्ध केलेलं नव्हतं. तो सलग ऐकण्यासाठीच बांधलाय. ‘लामूर द मा वी’ संथ सुरू होतं आणि मधेच वेगवान सिंथवर (सिंथेसायझरवर) उडी घेतं. शफल चालू असेल तर पुढचंच गाणं सुरू झालं असं वाटतं आणि वळणाची सगळी मजा जाते. म्हणून शफल बंद, क्रॉसफेडही (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणं) बंद. आवाज जवळजवळ कुजबुजीत रेकॉर्ड केलाय, त्यामुळे प्रवासात, गोंगाटात हा लावू नका. शब्द ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवत जाल आणि पुढच्या चढत्या भागात दचकाल.

‘जीएनएक्स’ मध्ये १२ गाणी. कसलीही आगाऊ घोषणा न करता आलेला हा अल्बम ठेक्यावर लगेच पकडतो, अर्थावर नाही. पहिल्या फेरीत नुसता ठेका ऐका, दुसऱ्या फेरीत शब्द समोर ठेवा. ‘रीइनकार्नेटेड’ रॅपर टुपाकच्या जुन्या गाण्याच्या सँपलवर, म्हणजे त्यातून उचललेल्या तुकड्यावर, उभं आहे. त्यात लमार मागच्या जन्मांबद्दल बोलतो: एकदा गिटारवादक, एकदा गायिका. शेवटी देवाशी संवाद. ‘मी’ म्हणजे कोण, हे दर कडव्याला बदलतं, आणि शब्द न वाचता ते निसटतंच. लॉस एंजेलिसची बोलीभाषा आणि शिव्याही भरपूर आहेत. घरात लहान मुलं असतील तर हेडफोनच बरा.

हेडफोनचं आणखी एक कारण. हिप-हॉप आणि रेगे, दोन्हींचा जीव खर्जात असतो. फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ येतच नाही, आणि मग ‘यात आहे काय?’ असा प्रश्न पडतो. पण इक्वलायझरमध्ये बेस भरमसाट वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने शब्द गढूळ होतात.

रेगेत तर बेस हीच अर्धी चाल. वन ड्रॉप ठेक्यात समेवर ढोल गप्प असतो, ठोका पडतो तिसऱ्या मात्रेवर. नवख्या कानाला म्हणूनच हे संगीत ‘आळसावलेलं’ वाटतं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारची चुटकी ऐका, मग सम आपोआप सापडते. ‘गिफ्टेड’ मात्र शुद्ध रेगे नाही. ‘पुल अप’ मध्ये आफ्रिकन पॉपचा ठेका स्पष्ट आहे. पॉपमधून येणाऱ्याला ही पायरी सोपी जाते. कसदार जुन्या धाटणीचं रेगे हवं असेल, तर कॉफीचंच २०१९ चं ५ गाण्यांचं ‘रॅप्चर’ घ्या, त्यातलं ‘रॅगामफिन’ आधी. याच ईपीला (छोटेखानी अल्बमला) २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

पुढचं नवं रेगे शोधताना गायकाच्या मागे लागणं अपुरं पडतं. तिथे एकच रिडिम, म्हणजे बेस आणि ड्रमचा साचा, अनेक गायक आपापल्या चालीत गातात. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ आणि वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ ही दोन्ही गाणी स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनच्या ‘दिवाली’ नावाच्या रिडिमवरची. त्या रिडिममधल्या टाळ्या दोन्हींत ओळखता येतात. तेव्हा गाणं आवडलं की रिडिमचं आणि निर्मात्याचं नाव शोधा, गायकांची रांगच सापडेल. पॉप-हिप-हॉपमध्ये नवं शोधणं सोपं: मोठे अल्बम सहसा शुक्रवारी येतात.

निवड अशी करा. शांत खोली आणि सलग पाऊण तास असेल तर आयलिश. शब्दांवर मेहनत घ्यायची तयारी असेल तर लमार, आणि त्याला दोन बैठका द्या. काम करता करता ऐकायचं असेल आणि बरा स्पीकर असेल तर कॉफी. तिघांतला एकच हातात द्यायचा झाला, तर आमची पसंती ‘जीएनएक्स’ला: चौथ्या फेरीतही त्यात नवं सापडतं.