आयसीसी खेळाडू क्रमवारी: फलंदाज-गोलंदाजांसाठी भरवशाची, अष्टपैलूंसाठी अपुरी

संघाला कोणत्या खेळाडूचा किती उपयोग होतो, हा वाद निघाला की बहुतेक जण पुराव्यादाखल आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची क्रमवारी पुढे करतात. इंग्लंडचे माजी कर्णधार टेड डेक्स्टर यांच्या कल्पनेतून १९८७ साली सुरू झालेली ही मानांकने आज परिषदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि तिन्ही प्रकारांच्या क्रिकेटसाठी फलंदाज, गोलंदाज व अष्टपैलू अशा वेगवेगळ्या याद्या तेथे मिळतात. यांपैकी पहिल्या दोन याद्यांवर मी निःशंकपणे विसंबतो. तिसरीविषयी मात्र माझे मत तितकेसे चांगले नाही.

शून्य ते हजार या मापावर दिले जाणारे फलंदाजीचे गुण केवळ धावांची बेरीज करून काढले जात नाहीत. समोरची गोलंदाजी किती तगडी होती, त्या सामन्यात एकंदर धावा किती झाल्या, फलंदाज नाबाद राहिला का आणि संघ जिंकला का, हे सारे विचारात घेतले जाते, शिवाय अलीकडच्या कामगिरीला अधिक वजन मिळते. गोलंदाजालाही तळाच्या फलंदाजापेक्षा नामांकित फलंदाजाचा बळी अधिक गुण देऊन जातो. सर डॉन ब्रॅडमन यांचे ९६१ हे कसोटी फलंदाजीतील सर्वोच्च गुण आजही अबाधित आहेत, यावरून हे माप उगाच सैल सोडलेले नाही, एवढे तरी दिसते.

अष्टपैलूंच्या यादीत मात्र फलंदाजी व गोलंदाजी यांच्या गुणांचा गुणाकार करून त्याला हजाराने भागले जाते, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. फलंदाजीत ९०० व गोलंदाजीत १०० गुण असलेल्या खेळाडूचे मानांकन ९० येते. दोन्हींत जेमतेम ३०० गुण असलेल्या खेळाडूचेही ९०च येते. दोघांपैकी कोणाला संघात घ्यावे, यावर कोणतीही निवड समिती फार वेळ चर्चा करणार नाही. ही यादी दोन कौशल्यांचा समतोल मोजते, आणि त्या मर्यादेत ती निकालही योग्य देते: सर गारफिल्ड सोबर्स ६६९ गुणांच्या विक्रमी उंचीवर पोहोचले, याला कोणाचा आक्षेप असणार? पण या यादीला एकूण योगदानाची यादी समजणे चूक आहे.

क्षेत्ररक्षण व यष्टिरक्षण यांना तर या हिशेबात जागाच नाही. ॲडम गिलख्रिस्टच्या ९६ कसोटींतील ५,५७० धावा मोजल्या जातात, पण यष्टींमागे टिपलेले ३७९ झेल आणि ३७ यष्टिचीत मोजले जात नाहीत. राहुल द्रविडचे २१० झेलही तसेच बाहेर राहतात. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, अखेरच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर, सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला नसता तर तो सामना कोणत्या बाजूला झुकला असता, हे सांगणे कठीण आहे. त्या बळीचे श्रेय मानांकनात हार्दिक पांड्याच्या खात्यावर जमा होते, सूर्यकुमारच्या नव्हे.

धावांपेक्षा वेळ मोलाचा असतो तेव्हाही हे माप थिटे पडते. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना, हनुमा विहारीने १६१ चेंडू खेळून नाबाद २३ धावा केल्या आणि रविचंद्रन अश्विनच्या साथीने कसोटी अनिर्णित राखली. नाबाद राहण्याचे थोडे श्रेय पद्धतीत आहे, पण खेळून काढलेल्या त्या १६१ चेंडूंची किंमत २३ या आकड्यातून कशी कळणार? कर्णधारपदाबद्दल माझी तक्रार नाही. माइक ब्रेअर्ली यांनी ३१ कसोटींत इंग्लंडचे नेतृत्व करून १८ जिंकल्या आणि फलंदाजीची सरासरी मात्र २२.८८ राहिली, असे योगदान गुणांत बसवण्याचा प्रयत्न न केलेलाच बरा.

झेल, धावबाद व यष्टिचीत यांची नोंद मात्र प्रत्येक सामन्याच्या धावफलकात आधीच असते. त्यामुळे क्षेत्ररक्षकांची चौथी यादी करणे परिषदेला अवघड जाऊ नये. सोडलेल्या झेलांचाही हिशेब त्यात धरला, तर ती अधिक विश्वसनीय होईल. यष्टिरक्षकांसाठी वेगळे माप हवे, कारण त्यांच्याकडे झेलाच्या संधीच अधिक येतात. तोवर ही सेवा वापरणाऱ्याने अष्टपैलूंच्या यादीतला एकच आकडा न पाहता त्या खेळाडूचे फलंदाजीचे व गोलंदाजीचे गुण वेगवेगळे उघडून पाहावेत.