रायडर-वेट टॅरो: जुनी छपाई की नवी? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टॅरोचा (भविष्य वाचायला वापरतात त्या ७८ चित्रपत्त्यांचा) जुना डेक, म्हणजे गड्डी, घेताना सर्वांत जास्त फसगत होते ती पत्त्याच्या कडेला छापलेल्या एका बारीक ओळीमुळे. पिवळ्या खोक्यातला रायडर-वेट डेक उघडा, पत्त्यांवर प्रकाशक यू. एस. गेम्स सिस्टिम्सची १९७१ सालची कॉपीराइट ओळ दिसते. हे साल आवृत्तीच्या हक्काचं आहे. छपाई १९७४ची असो, १९९४ची असो की परवाची, ओळ तीच राहते. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात '१९७१चा व्हिंटेज' म्हणून मांडलेले बरेच डेक प्रत्यक्षात नव्वदीतले निघतात, आणि विकणाऱ्याला तरी ते ठाऊक असतंच असं नाही.

इथे तुलना चार गड्ड्यांची आहे: स्वित्झर्लंडमध्ये छापलेला, बारकोड नसलेला जुना पिवळा खोका, त्याच डेकची आजची छपाई, १९०९च्या डेकवरून काढलेला स्मिथ-वेट सेंटेनियल, आणि ऑनलाइन मिळणारी, प्रकाशकाचं नाव नसलेली देशी प्रत. रोजचं वाचन, सराव आणि कोकणातला एक अख्खा पावसाळा, एवढं सगळ्यांनी सोसलं आहे.

आधी थोडा वंशवृक्ष, कारण त्याशिवाय 'मूळ' या शब्दाला अर्थ नाही. डेक निघाला डिसेंबर १९०९मध्ये, लंडनच्या विल्यम रायडर अँड सनकडून. कल्पना आर्थर एडवर्ड वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. (मोठं काम, पैसे अगदी थोडे, असं तिने त्याच सुमारास छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झला कळवलं होतं. आज जगभर खपणाऱ्या गड्डीची ही मजुरी.) पहिल्या छपाईच्या पाठीवर गुलाब आणि लिली आहेत. त्यानंतरच्या, पाठीवर तडे गेल्यासारखी नक्षी असलेल्या छपायांना संग्राहक पॅम-ए, बी, सी, डी म्हणतात. पॅम-ए ओळखायची ठरलेली खूण म्हणजे सूर्याच्या पत्त्यावर रोमन आकड्याच्या उजवीकडे आलेली एक जादा नागमोडी रेघ. हे डेक आपल्यासारख्यांच्या हाती लागण्यातले नाहीत. महत्त्वाचं एवढंच, की पामेलाची मूळ चित्रं आज कुणाकडेच नाहीत. त्यामुळे प्रत्येक पुनर्मुद्रण हे कुठल्या ना कुठल्या छापील पत्त्यावरूनच काढलेलं असतं, आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

पिवळ्या खोक्याचं वय ठरवायचं तर कॉपीराइटची ओळ सोडून बाकी सगळं वाचा. खोक्यावर छपाईचा देश असतो: सुरुवातीच्या गड्ड्या स्वित्झर्लंडच्या ए. जी. म्युलरच्या, पुढे बेल्जियम, अलीकडे चीन. दुकानांत बारकोड आला १९७४मध्ये आणि खोक्यांवर तो सरसकट दिसायला ऐंशीचं दशक उजाडलं. आयएसबीएन १३ आकडी असेल तर खोका २००७च्या आगेमागे किंवा त्यानंतरचा, कारण १३ आकडी पद्धत जानेवारी २००७पासून लागू झाली. सोबतच्या पुस्तिकेत कंपनीचं ठिकाण न्यूयॉर्क असेल तर छपाई जुनी, स्टॅमफर्ड असेल तर नंतरची. अमेरिकी झिप कोडच्या (तिकडच्या पिनकोडच्या) ५ आकड्यांपुढे आणखी ४ आकडे दिसले तर १९८३च्या आधीचा दावा तिथेच निकालात निघतो. मात्र खोका, पुस्तिका आणि गड्डी एकाच घरची आहेत याची खात्री कुणी देत नाही. जुन्या खोक्यात नवी गड्डी घालून विकणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, म्हणून शेवटचा शब्द पत्त्यांचाच.

पत्ते तपासायला १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. दागिने पाहायचं साधं भिंगही चालतं. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, काळ्या बाह्यरेषेवर ते धरा. जुन्या पिवळ्या खोक्यात काळ्या रेघेची प्लेट वेगळी असल्याने रेघ सलग, भरीव दिसते आणि रंग तिच्या आत बसलेला असतो. स्कॅनवरून चार रंगांत छापलेल्या प्रतीत तीच रेघ निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांनी बनलेली असते. तिच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. त्यात स्कॅन केलेल्या जुन्या पत्त्यावर आधीच छपाईचे ठिपके असतात, त्यावर नव्या स्क्रीनचे ठिपके बसले की सपाट रंगात जाळीसारखे पट्टे उमटतात. आकाश आणि पिवळी पार्श्वभूमी असलेल्या पत्त्यांवर हे आधी दिसतं.

माझं मत विचाराल तर जुना डेक रेघेसाठी घ्यावा, रंगासाठी नाही. चार पत्ते काढले की हे पटतं. नाइन ऑफ स्वोर्ड्समधल्या बाईच्या अंगावरची गोधडी बघा: एक चौकोन गुलाबाचा, एक राशी-ग्रहांच्या चिन्हाचा, अशी ती आलटून पालटून आहे. चांगल्या छपाईत चिन्हं एकेक करून वाचता येतात. देशी प्रतीत गुलाबाचे लाल डाग राहतात आणि चिन्हांचे चौकोन नुसते खरवडल्यासारखे दिसतात. टेंपरन्समध्ये देवदूताच्या छातीवरच्या चौकोनाच्या वर, वस्त्राच्या चुण्यांत चार हिब्रू अक्षरं आहेत. स्कॅन सौम्य करून घेतला असेल तर ही अक्षरं साध्या चुण्या होऊन जातात. टॉवरच्या पत्त्यावरच्या ठिणग्या मोजा, एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १२, मिळून २२. चौथी जागा म्हणजे पामेलाची सही, पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यातलं सापासारखं वळलेलं मोनोग्राम. बिनकिनारीच्या आवृत्त्यांत कापणी जरा आत आली की पहिला बळी त्याचा जातो.

नावांची अक्षरं हा आणखी एक सोपा फरक. पिवळ्या खोक्यात पत्त्याखालची नावं टाइपात जुळवलेली आहेत. सेंटेनियलमध्ये ती पामेलाच्या हातची आहेत, किंचित वाकडी, कमी-जास्त अंतराची. दिसायला किरकोळ, पण चित्र आणि नाव एकाच हाताने काढलं असेल तर पत्ता एकसंध वाटतो. या एका बाबतीत सेंटेनियल निर्विवाद पुढे आहे.

रंगाचं प्रकरण मात्र वादाचं आहे. पिवळ्या खोक्यात पिवळा लख्ख लिंबोणी, आकाश सपाट निळं, लाल ठसठशीत. नव्या छपाईत हेच रंग आणखी एक पायरी गडद आणि चकचकीत झाले आहेत. सेंटेनियलमध्ये सगळं खाली उतरतं: पिवळ्याचा मातकट मोहरी होतो, आकाश धुरकट होतं. 'हेच पामेलाचे खरे रंग' असं ठासून सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. शंभर वर्षांच्या पत्त्याचा स्कॅन घेतला की कागदाचं पिवळेपणही रंगात मिसळून येतं. १९०९मध्ये खोका उघडणाऱ्याला कागद पांढरा दिसला असणार. सेंटेनियल हा जुन्या डेकचा आजचा फोटो आहे असं समजून घेतला तर निराशा होत नाही. वाचनाच्या दृष्टीने त्याची एक अडचण आहे: ट्यूबलाइटखाली चार फुटांवरून 'द फूल' (मूर्ख), मॅजिशियन आणि स्ट्रेंथ या पत्त्यांच्या पिवळ्या पार्श्वभूमीतून चेहऱ्याचा रंग नीट सुटत नाही. समोर बसलेल्याला चित्र दाखवत वाचणाऱ्यांना पिवळा खोकाच सोयीचा. स्वतःपुरतं, टेबललॅम्पखाली वाचणाऱ्यांना सेंटेनियल डोळ्यांना कमी त्रास देतो. युनिव्हर्सल वेट आणि रेडियंट रायडर-वेट ही नव्याने रंगवलेली भावंडं, त्यामुळे जुनं-नवं या तुलनेत ती बसत नाहीत.

आता हाताचा विषय, कारण महिनोन् महिने वापरल्यावर चित्रापेक्षा कागदच जास्त बोलतो. सर्व ७८ पत्ते हलक्या दाबाने एकत्र धरून थप्पीची उंची मोजा आणि ७८ने भागा. २३ मिमी आली तर पत्ता साधारण ०.२९ मिमीचा, २८ मिमी आली तर ०.३६चा. ०.३०च्या आसपासचा पत्ता ७० बाय १२० मिमी या मापात मध्यम हातालाही रिफल करता (दोन ढीग वाकवून एकमेकांत पिसता) येतो. ०.३६च्या पुढे गड्डी हातात मावते पण वाकत नाही, मग नुसतं वरवर पिसणं उरतं. जुना स्विस पत्ता पातळ आणि लवचिक आहे, वाकवून सोडला की सरळ होतो. देशी प्रतीच्या जाहिरातीत '३५० जीएसएम' ठळक लिहिलेलं असतं, त्यावर भुलू नये. जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन, जात नव्हे. खेळाच्या पत्त्यांचा बोर्ड दोन कागद मध्ये अपारदर्शक गोंद घालून चिकटवलेला असतो. आर्ट कार्ड एकसलग असतं, वाकवलं की पांढरी घडी पडते आणि ती जात नाही. मोबाइलचा टॉर्च पत्त्यामागे धरा: पुढचं चित्र मागून ओळखू आलं तर ते आर्ट कार्ड.

झीज कुठे होते तेही प्रत्येकाचं वेगळं. जुन्या पत्त्यावर वार्निशचा पातळ थर असतो. तो अंगठा लागतो तिथे आधी जातो, मग हाताचं तेल आणि धूळ बसून पत्ते एकमेकांना धरतात. लॅमिनेट केलेल्या नव्या गड्ड्या सुरुवातीला इतक्या निसरड्या असतात की पंखा करताना चार-चार पत्ते एकत्र सटकतात. दोन-तीन आठवड्यांत त्या ताळ्यावर येतात, पण पुढे कोपऱ्यांवर फिल्म सुटायला लागते. सुटलेली फिल्म ओढू नका, खालचा रंग सोबत येतो. सोनेरी कडांच्या प्रतींत नवे असताना कडा एकमेकांना चिकटलेल्या असतात. एकेक पत्ता सुटा करून, कोरड्या कापडाने कड पुसून मगच पिसायला घ्या, नाहीतर सोन्याचे कण पत्त्यांच्या तोंडावर ओरखडे काढतात.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. एकाच बाजूला लॅमिनेशन असलेल्या देशी प्रतीचे पत्ते जुलैत पापडासारखे वळले, चित्राच्या बाजूला आत. कारण सरळ आहे: उघडी पाठ ओल पिते आणि फुगते, फिल्मखालची बाजू आहे तेवढीच राहते. दोन्ही बाजूंना थर असलेले पत्ते कमी वळतात, पण ओल कडांतून शिरतेच. उपाय खर्चिक नाही. गड्डी कापडी पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात ठेवा, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. रंग बदलला की पुड्या बदला. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, तो वास कागदात मुरला की वर्षभर जात नाही. धूप-उदबत्तीच्या धुरात गड्डी उघडी ठेवण्याची पद्धत जुन्या वार्निशला मारक आहे, चिकट थर वाढतो. वळलेली गड्डी दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून वर तीन-चार किलो वजन आठवडाभर ठेवलं की बरीच सरळ होते, मात्र हवा कोरडी असताना. भर पावसात केलंत तर वजन काढताच पुन्हा वळते. चिकटणाऱ्या जुन्या पत्त्यांना टाल्कम पावडर लावू नये, ती कोपऱ्यांत साचते. जादूगार वापरतात ती फॅनिंग पावडर, म्हणजे झिंक स्टिअरेट, चिमूटभर पुरते. ओला पुसणा कुठल्याच जुन्या पत्त्यावर नको.

देशी प्रती बेकायदा असतात का, हा प्रश्न नेहमी येतो. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पामेला वारली १९५१मध्ये, म्हणजे तिची चित्रं इथे २०१२पासून सर्वांसाठी खुली आहेत. ब्रिटनमध्ये ७० वर्षांचा हिशेब, त्यामुळे तिथे २०२२पासून. 'रायडर-वेट' हे नाव आणि नंतरच्या आवृत्त्यांतलं नवं रंगकाम हा वेगळा विषय, म्हणून अनेक खोक्यांवर आता 'स्मिथ-वेट' किंवा नुसतं 'आरडब्ल्यूएस' (रायडर-वेट-स्मिथ) लिहिलेलं दिसतं. तेव्हा देशी प्रत घ्यायला हरकत नाही, हरकत आहे ती इंटरनेटवरच्या लहान चित्रावरून मोठी करून छापलेल्या प्रतीला. दुकानदाराकडून नाइन ऑफ स्वोर्ड्सचा जवळून काढलेला फोटो मागा, गोधडी बघून निर्णय होतो.

शिकायला आणि रोज पिसायला आजचा पिवळा खोका, बारकावे पाहायला आणि अभ्यासाला बारकोड नसलेला जुना, आणि पामेलाच्या हातचं अक्षर आवडत असेल तर सेंटेनियल. तिन्हींत एकच घेणं परवडत असेल तर आजचाच घ्या, कोपरे झिजले तरी जीव हळहळत नाही.

जुना घ्यायचाच ठरला तर पैसे देण्याआधी दोन फोटो मागवा: सर्व ७८ पत्ते चित्र वर करून, चारही सूट (पत्त्यांचे गट) १४-१४च्या रांगेत आणि मेजर अर्काना (या गटांबाहेरचे मोठे पत्ते) २२; आणि दुसरा सगळ्या पाठींचा पंखा, उन्हात. हरवलेल्या पत्त्याच्या जागी दुसऱ्या छपाईतला पत्ता घातलेला असेल तर पंख्यात त्याच्या पाठीचा निळा वेगळा पडतो, आणि बऱ्याचदा तो कापणीत अर्धा मिलिमीटर बाहेरही डोकावतो.