वादाला उभं राहण्याआधी: 'वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस'

वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेताना 'श्रीमंत आणखी श्रीमंत होतायत' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली आकडा दाखवल्याशिवाय मी कुणाला पुढे बोलूच देत नाही. त्यासाठी जगभरातल्या उत्पन्न-संपत्तीच्या विषमतेचे आकडे देणारा हा डेटाबेस वापरते. पैसे पडत नाहीत, आकडे उतरवून घेता येतात.

याची खरी ताकद वेगळीच. घरोघरच्या पाहणीत अतिश्रीमंत सहसा सापडत नाहीत. सापडले तरी मिळकत कमी सांगतात. म्हणून इथे पाहणीला करनोंदी आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची जोड दिलीय. याच आकड्यांवर बेतलेल्या 2022 च्या जागतिक अहवालातलं एक वाक्य फळ्यावर लिहिलं: वरच्या 10 टक्क्यांकडे जगातली 76 टक्के संपत्ती, खालच्या 50 टक्क्यांकडे 2. एक मुलगी बघतच राहिली. म्हणाली, "ताई, दोनपुढे शून्य राहिलं का?"

नाही, राहिलं नव्हतं.

वापरताना एक मात्र बघा. बरेच आलेख करपूर्व उत्पन्नाचे असतात. सरकारनं कर घेऊन मदत वाटल्यावर दरी किती उरली, ते त्यात कळत नाही. धोरणावर बोलायचं तर करोत्तर मालिका शोधा. आणि करनोंदी उघड नसलेल्या देशांत अंदाजाचा भाग मोठा, हेही ध्यानात असू द्या.

आमच्या एका पठ्ठ्यानं भर स्पर्धेत 76 टक्के हा उत्पन्नाचा वाटा म्हणून ठोकला. त्याच अहवालात उत्पन्नाचा 52 आहे. समोरच्यांनी तिथंच धरलं.