पारोळ्याचा भुईकोट: बघावाच, पण सकाळी आणि बाहेरून आत

धुळे-जळगाव महामार्गावरचं पारोळा, धुळ्याहून साधारण ३५ किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांनी अमळनेरला उतरावं. तिथून एसटी किंवा रिक्षाने २० किलोमीटर. किल्ला भर बाजारात आहे, त्यामुळे चढण शून्य आणि गाडी लावायची पंचाईत पूर्ण. गाडी महामार्गाच्या बाजूला ठेवून चालत आलेलं बरं. बाजाराच्या दिवशी तर दरवाजासमोर दुकानदारांची पालं ठोकलेली असतात, कमान दिसतसुद्धा नाही.

हा सरकारी ठाण्याचा किल्ला नव्हे, जहागीरदाराचा स्वतःचा. हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये तो बांधला आणि पन्नासेक घरांच्या खेड्याला तटबंदीचं गाव केलं. झाशीच्या नेवाळकरांचं हे घराणं. गावात कुणी 'राणीचं माहेर' म्हणून सांगेल, पण लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा. पारोळ्याशी नातं सासरकडून. हवालदार-सबनीस असे सरकारी अंमलदार बदलत राहणाऱ्या किल्ल्यांपेक्षा इथला हिशेब वेगळा होता: कुटुंब, वसूल आणि पाणी एकाच तटात सांभाळायचं. १८२१ मध्ये इंग्रजांचा इथला प्रतिनिधी, पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याच्या खुनाचा प्रयत्न इथेच झाला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला पाडायला घेतला. आज दिसणारी पडझड निव्वळ पावसापाण्याची नाही, ती अशी.

आत घुसायची घाई करू नका. आधी बाहेरून फेरी मारा, तलावाच्या बाजूपासून सुरू करून. या अंगाला पाण्याचा आडोसा आणि बाकीकडे खंदक, अशी रचना. खंदक आता बराचसा बुजलाय, टपऱ्यांनी आणि कचऱ्याने. नाक धरावं लागतं. तक्रार करण्यासारखी गोष्ट हीच आणि ती मोठी आहे. दरवाजाशी आलात की दोन्ही बाजूंचे दांडगे बुरूज बघा. इथे पूर्वी उचलता येणारा पूल होता. तो वर घेतला की बाजार बाहेर आणि जहागीरदार आत.

आत साधारण १६० बाय १३० मीटरचं आवार, दुहेरी तट, बालेकिल्ला, विहिरी, महादेवाचं देऊळ. खरी मजा जंग्यांची, म्हणजे बंदुकीने मारा करायला तटात ठेवलेल्या भोकांची. जंगी आतून रुंद, बाहेर अरुंद आणि खाली उतरती असते. एका जंगीला डोळा लावा: नजर समोरच्या माणसाच्या छातीवर जात नाही, थेट तटाच्या पायथ्याशी पडते. तटाला भिडलेला माणूस वरून टिपता यावा म्हणून हा उतार. आज तिथे फळवाल्याची ताडपत्री दिसते. शेजारच्या जंगीचा कोन किंचित वेगळा असतो, म्हणजे दोघींच्या मधली जागाही सुटत नाही.

तटावर चालताना आतल्या कडेने चाला. पिंपळाच्या मुळांनी चुन्याची पकड सुटली आहे, वरून घट्ट दिसणारा दगड पायाखाली हलतो. श्रावण-भाद्रपदात तर गवतात खड्डे झाकले जातात, तेव्हा तटावर जाऊच नका. विहिरींना कठड्याचा भरवसा नाही. लेकरं सोबत असतील तर हात धरून. भुयाराच्या गोष्टी कानावर येतील, ऐकाव्यात नि पुढे जावं.

नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी आठच्या आत पोचणं उत्तम: ऊन तिरपं असतं, दगडावरचं काम दिसतं आणि दुकानं उघडलेली नसतात. एप्रिल-मेत खानदेशातलं ऊन काळ्या दगडावर सोसवत नाही. पायात बूट, पाणी सोबतच घ्या. दीड तास पुरतो. नुसता 'फोटो पॉइंट' शोधणाऱ्यांना धुळ्याजवळचा लळिंग किल्ला बरा; बांधकाम वाचायची हौस असेल त्याला इथे पैसे वसूल.

थंडीत गेलात तर जेवायला भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मागा. आश्विनात बालाजीच्या उत्सवात गावात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा रथ बघा, किल्ला पुढच्या खेपेला.