जुनी इंग्रजी टोकनं: सहा नगांच्या लॉटमधली फसवणूक

इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका मराठी संग्राहकाने ऑनलाइन विक्रेत्याकडून सहा टोकनं 240 पौंडांना घेतली. विक्रेत्याने सांगितलं होतं की हा माल एका जुन्या संग्रहातला आहे. प्रत्येक टोकनासोबत पिवळी पडलेली गोल कागदी चिठ्ठी होती आणि तिच्यावर शाईने बारीक अक्षरात क्रमांक लिहिलेला होता. सगळा लॉट आम्ही काटा, कॅलिपर आणि दहापट भिंग घेऊन तपासला. सहापैकी एकच नग वर्णनाप्रमाणे निघाला. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. तो उद्या दुसऱ्या नावाने दुकान मांडेल, पण त्याच्या युक्त्या त्याच राहतील.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं आधी. इंग्लंडमध्ये सरकारने पुरेसा खुर्दा पाडला नाही की दुकानदार, खानावळवाले आणि खाणमालक स्वतःच्या नावाची तांब्या-पितळेची टोकनं काढत. अशा तीन मोठ्या लाटा आल्या. पहिली 1648 ते 1672 पर्यंतची, दुसरी 1787 ते 1797 आणि तिसरी 1811 ते 1817. पहिली लाट दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची राजनाणी काढून खासगी टोकनांवर बंदी घातली तेव्हा संपली. दुसरी बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतली जाडजूड 'कार्टव्हील' पेनी आल्यावर ओसरली. मुंबई इलाख्याचे 1791 चे तराजू छापाचे तांब्याचे पैसे याच सोहो टांकसाळीत पाडलेले आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या ज्या संग्राहकांनी ते हाताळले आहेत, त्यांना या काळातल्या इंग्रजी टोकनांची धार आणि काठाची ठेवण ओळखीची वाटेल.

लॉटमधला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात खोटा नग होता 1787 ची, वेल्समधल्या अँगलसी बेटाची 'ड्रूइड' पेनी. एका बाजूला ओकच्या पानांच्या हारात डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला ड्रूइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, दुसऱ्या बाजूला तिथल्या तांब्याच्या खाणीच्या पॅरिस माइन कंपनीच्या अद्याक्षरांची गुंफण आणि भोवती 'वी प्रॉमिस टु पे द बेअरर वन पेनी'. खरी पेनी एका पौंड तांब्यात सोळा, म्हणजे वजनाने सुमारे 28 ग्रॅम. तिचा व्यास 34 मिलिमीटरच्या आसपास असतो. लॉटमधली पेनी 23.4 ग्रॅम आणि 33.3 मिलिमीटर भरली.

हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. खऱ्या नाण्यावरून साचा काढून त्यात धातू ओतला की तो गार होताना आकसतो, म्हणून ओतीव नक्कल मूळ नाण्यापेक्षा दीड-दोन टक्क्यांनी लहान निघते. वापराने झिजलेल्या नाण्याचं वजन घटतं आणि चित्र सपाट होतं, पण व्यास फारसा घटत नाही. इथे चित्र ठसठशीत, पण वजन आणि व्यास दोन्ही कमी होते. एवढ्यावरच संशय पक्का झाला होता.

तरीही पाण्याची चाचणी केली. ती घरी कुणालाही करता येते. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. टोकन बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. अंगाला चिकटलेले बुडबुडे आधी झटकायचे, नाहीतर आकडा चुकतो. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर टोकनाचं आकारमान. वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. चांगल्या तांब्याची घनता 8.9 च्या जवळ येते. 28.3 ग्रॅमच्या खऱ्या पेनीला काटा 3.2 च्या आसपास थांबतो. या पेनीला तो 2.9 वर थांबला, म्हणजे घनता जेमतेम 8.1 आली. आत सच्छिद्र मिश्रधातू आहे, खाणीतलं शुद्ध तांबं नाही. घनता उलट 10 च्या वर गेली तर इलेक्ट्रोटाइपचा संशय घ्यावा. त्यात तांब्याच्या दोन पातळ कवचांमध्ये शिसं भरलेलं असतं आणि काठावर मधोमध जोड दिसतो. एक-दीड ग्रॅमच्या टोकनावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण काट्याची चूकच उत्तराएवढी होते. चुंबकाचं म्हणाल तर तांबं, पितळ, शिसं यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही. 'चुंबक लागत नाही, म्हणजे अस्सल' हे विक्रेत्याचं वाक्य म्हणून निरर्थक आहे.

एक भेद इथे सांभाळायला हवा. ड्रूइड टोकनांच्या नकला त्याच काळातही झाल्या होत्या. त्या हलक्या असल्या तरी ठशाने पाडलेल्या आहेत आणि आज त्या वेगळ्या संग्रहाचा विषय आहेत. हलकं म्हणजे लगेच आजचं खोटं, असं नाही. ओतीव की ठशाने पाडलेलं, हे आधी ठरवावं. ओतीव नगाच्या अक्षरांचा पाया लोण्यासारखा गोल होतो आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षर पृष्ठभागातून काटकोनात उठतं. शिवाय खऱ्या पेनीच्या काठावर 'ऑन डिमांड इन लंडन लिव्हरपूल ऑर अँगलसी' ही खोल अक्षरं स्वच्छ वाचता येतात. या नगावर ती अर्धवट बुजलेली होती आणि त्यांच्यावरून कानशीच्या आडव्या रेघा गेल्या होत्या. जाहिरातीत काठाचा एकही फोटो नव्हता.

काठाचीच दुसरी लबाडी कॉव्हेंट्रीच्या हाफपेनीत होती. पुढच्या बाजूला घोड्यावरची लेडी गोडायव्हा, म्हणजे कॉव्हेंट्रीच्या दंतकथेतली सरदारीण, आणि मागच्या बाजूला हत्ती, हे तसं सहज मिळणारं टोकन आहे. काठावर रॉबर्ट रेनल्ड्सच्या वखारीचं नाव असतं. विक्रेत्याने हाच नग 'साधा काठ, अतिदुर्मीळ' म्हणून चढ्या भावाने लावला होता. 1790 च्या दशकातल्या टोकनांमध्ये पुढची-मागची बाजू तीच, पण काठ वेगळा, अशा जाती खरोखर आहेत. डाल्टन आणि हेमर यांच्या 1910 ते 1918 मध्ये निघालेल्या सूचीत त्या वेगळ्या नोंदल्या आहेत आणि भावात मोठा फरक पडतो. म्हणूनच कुणीतरी अक्षरं कानशीने घासून टाकली. काठाशेजारची दातेरी किनार एका बाजूला निम्मी गायब होती आणि साध्या नगाशेजारी ठेवल्यावर व्यास जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी भरला. मूळ टोकन अस्सल होतं, याचं जास्त वाईट वाटतं. सव्वादोनशे वर्षं टिकलेली वस्तू चार पैशांसाठी कायमची बिघडवली.

तिसरा नग सतराव्या शतकातला, सोळा मिलिमीटरचा फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. अशा टोकनांवर मधोमध तीन अक्षरं असतात. वरचं आडनावाचं, खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची. लहानशा खेड्याचं नाव असलं की किंमत वाढते, म्हणून गावाचं नाव बदलायचा मोह होतो. उठावाचं अक्षर नंतर जोडता येत नाही. भोवतालचा धातू खरवडून ते 'उभं' करावं लागतं. त्यामुळे बदललेल्या दोन अक्षरांभोवतीची जागा बाकीच्या पृष्ठभागापेक्षा खोल दिसते आणि तिचा रंग ताजा किंवा मुद्दाम काळा केलेला असतो. टोकन तिरकं धरून एकाच बाजूने उजेड टाकला की हे लगेच कळतं. नावाची पडताळणी विल्यमसनने केलेल्या या टोकनांच्या परगणावार सूचीत आणि 1660 च्या दशकातल्या चूल-कराच्या याद्यांत करता येते.

चौथा नग, शिशाची 'मध्ययुगीन' चकती, पाहताच लंडनच्या शॅडवेल भागातल्या बनावट चकत्यांची आठवण झाली. 1857 पासून विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन हे दोघे लंडनमध्ये शिशाच्या 'यात्रेकरूंच्या' चकत्या ओतून, थेम्सच्या गाळात सापडल्या म्हणून विकत. दोघांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या चकत्यांवरच्या मजकुराला अर्थ नाही. शिवाय अकराव्या शतकातली सालं त्यांनी आजच्या आकड्यांत घातली, जे तेव्हा इंग्लंडमध्ये वापरात नव्हते. लॉटमधल्या चकतीवर नेमकं तेच होतं.

पाचवा नग खरा, पण दावा खोटा. जॉर्ज तिसऱ्याच्या हाफपेनीवर चुकीचा मजकूर, म्हणून 'टांकसाळीची चूक' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते 'इव्हेजन' नाणं आहे. 1771 च्या कायद्याने तांब्याच्या नाण्यांची नक्कल मोठा गुन्हा ठरली, तेव्हा लोकांनी चित्र तसंच ठेवून मजकूर मुद्दाम बदलला. 'जॉर्ज रूल्स', 'ब्रिटन्स आइल्स' वगैरे. आपल्याकडे राम-सीतेचं चित्र आणि 1818 साल घातलेले 'ईस्ट इंडिया कंपनीचे' आणे लाखांच्या गप्पा मारून विकले जातात. ते कंपनीने कधी काढलेच नाहीत. इव्हेजनला निदान स्वतःचा इतिहास आहे.

चिठ्ठ्यांचं उत्तर सर्वांत उशिरा सापडलं. अतिनील दिव्याखाली सहापैकी चार चिठ्ठ्या निळ्या उजळल्या. म्हणजे कागदात चमक आणणारं आधुनिक रसायन आहे. ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात येतं. उरलेल्या दोन जुन्या होत्या, पण त्यातल्या एकीवरचा क्रमांक वेगळ्याच टोकनाचा होता. चिठ्ठी खरी, नग बदललेला. चिठ्ठी टोकनाची नसून सूचीतल्या क्रमांकाची असते. आधी सूचीत तो क्रमांक उघडून पाहावा, मग नगाकडे वळावं.

पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्याने सवलत दाखवून ऑनलाइन पेमेंट सेवेतल्या, मित्र-कुटुंबीयांना पैसे पाठवायच्या पर्यायाने रक्कम मागवली होती आणि त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं. वजन, व्यास आणि काठाचे निदान तीन फोटो आधी मागा. तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवा.

ओतीव पेनी आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. वर लिहिलं आहे: 'नक्कल, 23.4 ग्रॅम, 33.3 मिमी'. 'पेनी' या शब्दातल्या शेवटच्या अक्षराच्या शेपटीखाली लंबगोल खड्डा आहे आणि ड्रूइडच्या दाढीत, हनुवटीखाली, दोन बारीक ठिपके. त्यानंतर विक्रीला आलेल्या आणखी दोन पेन्यांच्या फोटोंत हेच तीन डाग त्याच जागी दिसले.